पठाराने ऐकायचे आणि विद्यापीठाने बोलायचे

पावसाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या तालुक्यांच्या पानांवर एक बातमी ठरलेल्या वेळी उगवते. कृषी महाविद्यालयाचे 'कृषिदूत' किंवा 'कृषिकन्या' अमुक गावी दाखल झाल्या, सरपंचांनी त्यांचे स्वागत केले, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाले, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा हे शेतकऱ्यांना समजावून सांगण्यात आले, उपस्थितांचे आभार मानण्यात आले. खाली एक छायाचित्र. गावाचे आणि विद्यार्थ्यांचे नाव बदलले की पुढच्या वर्षी हीच बातमी पुन्हा छापता येते आणि बहुधा छापलीही जाते. ग्रामीण कृषी कार्यानुभव असे या अभ्यासक्रमाचे भारदस्त नाव आहे. २०१५ मध्ये त्याला 'स्टुडंट रेडी' या दिल्लीतून आलेल्या नावाच्या योजनेत बसवण्यात आले. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काही महिने गावात येतात, वही भरतात, सह्या घेतात आणि जातात.

या मुलामुलींची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यांतली बरीचशी शेतकऱ्यांचीच लेकरे आहेत आणि खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कापायी त्यांच्या घरचे कर्ज वाढलेले असते. प्रश्न आहे तो त्यांना गावात काय सांगायला पाठवतात आणि काय विचारायला पाठवत नाहीत याचा. बीजप्रक्रिया सांगावी, त्याने कोणाचे पोट दुखत नाही. पण ज्या बियाण्यावर प्रक्रिया करायची ते कोठून आले, कोणत्या दराने आले, गोणीवर लिहिलेले वाण आत आहे की नाही, आणि पीक निघाल्यावर त्याचा भाव कोण ठरवणार, हे त्या वहीत कोठेही लिहावे लागत नाही. शेतीविषयक संवाद म्हणून जे शास्त्र विद्यापीठांतून शिकवले जाते, त्याचे खरे रूप या वहीत दिसते. ज्या गोष्टी सांगितल्याने राज्यकर्त्यांना पैसा खर्च करावा लागत नाही आणि व्यापाऱ्याचा नफा कमी होत नाही, तेवढ्या गोष्टी शेतकऱ्याला अगत्याने सांगायच्या.

हे असेच असावे लागते काय? पुणे जिल्ह्याच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात बंधारे, तळी, जनावरांची जोपासना, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण, पिकांची प्रदर्शने आणि औत हाकण्याच्या परीक्षा यांबद्दल सूचना आहेत. आजचा विस्तार अधिकारी त्या सहज आपल्या अहवालात घालू शकेल. पण त्याच ग्रंथात सारा, सावकारी, कोर्टकचेरी आणि भट-कामगारांचे जाळे यांचीही चिरफाड आहे. फुल्यांच्या दृष्टीने शेतीचे ज्ञान आणि शेतकऱ्याची लूट या एकाच विषयाच्या दोन बाजू होत्या. विद्यापीठाने पहिली बाजू घेतली, दुसरी वगळली आणि नाव मात्र फुल्यांचे ठेवले. (स्वतः फुल्यांनाही हा अनुभव नवा नव्हता. 'असूडा'चे पहिले भाग छापल्यावर पुढचे छापायला 'दीनबंधु'सारखे आपलेच पत्र कचरले, याची त्यांनी कडवट नोंद केली आहे.)

दुसरा दाखला अधिक जवळचा आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीवरून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली होती. पुणे जिल्हा त्यांत होताच. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतामंडळ. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपापसांत चर्चा करायची, जमेल ते करून पाहायचे आणि शंका पुण्याला लिहून पाठवायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पॉल न्यूरथ यांनी तिचे निष्कर्ष मांडले. जेथे नुसता रेडिओ होता तेथील लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. जेथे रेडिओभोवती बोलणारे मंडळ होते तेथे ती लक्षणीय पडली होती. म्हणजे फरक यंत्राने पडला नाही. गावाला उलट बोलण्याची सोय मिळाली, त्याने तो पडला. चावडीवर बसलेला माणूस पुण्याच्या तज्ज्ञाला 'हे आमच्याकडे चालणार नाही' असे कळवू शकत होता आणि तज्ज्ञाला त्याचे उत्तर द्यावे लागत होते.

१९५९ नंतर ही योजना देशभर नेण्यात आली आणि साठचे दशक सरता सरता ती विरून गेली. तिचे पुण्यस्मरण करणारे प्राध्यापक अनेक आढळतील. पण ती का विरली? मंडळे बोलू लागली की खताबियाण्यांच्या पलीकडचे बोलतात, पाणी कोणाच्या शेतात जाते हे विचारतात, सोसायटीचे कर्ज कोणाला मिळते हे विचारतात. तेवढी तयारी सत्तेची नव्हती. त्यानंतर हरितक्रांतीची घाई आली आणि तिला प्रश्न नको होते, पोती खपायला हवी होती.

पुढे १९७९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'प्रयोगशाळेतून शेताकडे' ही घोषणा झाली. २०२५ मध्ये २९ मे ते १२ जून असे पंधरा दिवस 'विकसित कृषी संकल्प अभियान' निघाले, शास्त्रज्ञांच्या तुकड्या गावोगाव फिरल्या आणि घोषणा पुन्हा तीच. शेहेचाळीस वर्षे जी वाट चालू आहे ती अजून शेतापर्यंत का पोचली नाही, हा साधा हिशेब कोणी मागितला नाही. वर्षातले पंधरा दिवस शास्त्रज्ञाने शेतावर जाणे हा सोहळा ठरत असेल, तर उरलेल्या साडेतीनशे दिवसांची कबुली त्यातच आली. कृषी विद्यापीठांतील अध्यापक आणि संशोधकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. दुसरीकडे खाजगी कृषी महाविद्यालयांची संख्या शंभराच्या पुढे गेली. शिकवायला माणूस नाही, पण पदव्या छापायला कागद आहे.

आता पेठेकडे यावे. पुण्याहून नाशिककडे जाताना राजगुरुनगर मागे टाकून खेडचा घाट चढला की आंबेगाव तालुक्यातले पेठ लागते. पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव अशा गावांचे सातगाव पठार हे खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. देशातला बहुतेक बटाटा थंडीत, पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर येतो. पठारावरचा शेतकरी मात्र मृगाकडे डोळे लावून जूनमध्ये लावणी करतो आणि दसऱ्याच्या मागेपुढे काढणी करतो. पाऊस लांबला तर बेणे जमिनीत सडते, झड लागली तर करपा येतो. जोखीम सगळी आभाळाची, आणि खर्चाचा मोठा भाग लावणीच्या आधीच, बियाण्यात. ते बियाणे पंजाबातून येते आणि मंचरच्या बाजारात विकत घ्यावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या बटाटा पिकवणाऱ्या पठाराला आपले बियाणे नाही, या एका वाक्यात कृषिसंशोधनाच्या प्राधान्यक्रमाची सारी कथा सांगून होते.

आणि संशोधन केंद्र दूर होते अशीही सबब नाही. खेडच्या घाटाखाली, राजगुरुनगरला, केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे केंद्र अनेक वर्षे होते. आज ते तेथे नाही. १९९८ पासून राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचे काम मोलाचे आहे आणि जुन्नर-आंबेगावच्या कांदा उत्पादकांना तिचा उपयोगही आहे. परंतु कांद्याची संस्था यायची तर बटाट्याचे केंद्र उठले पाहिजे, हा नियम कोणत्या अर्थशास्त्रातला? शिमल्याच्या मुख्य संस्थेने १९९८ मध्येच 'कुफरी चिप्सोना' ही वाणे दिली. वेफर्ससाठी लागणारा, साखर कमी आणि कोरडा अंश जास्त असलेला बटाटा सार्वजनिक पैशातून निर्माण झाला. ती वाणे उत्तरेच्या मैदानांसाठी होती. पठाराच्या पावसाळी हंगामात ती किंवा त्यांच्यासारखी दुसरी कोणती वाणे टिकतील, याचे उत्तर घाटाखालच्या केंद्राने हंगामामागून हंगाम प्रयोग करून द्यायचे होते. केंद्रच उठल्यावर उत्तर देणार कोण?

ही मोकळी जागा मोकळी राहिली नाही. वेफर्सवाल्या कंपन्या आल्या. पेप्सिकोसारख्या कंपनीने पठारावर करारशेती सुरू केली. बियाणे तिचे, वेळापत्रक तिचे, सल्लागार तिचा आणि खरेदीही तिची. काही शेतकऱ्यांना त्यात निश्चित भाव मिळाला, बाजाराच्या घसरणीपासून आधार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पडत्या बाजारात बांधलेला भाव सोडून तत्त्वासाठी आगीत उडी घ्या, असे शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र या व्यवहारात ज्ञान कोणाच्या हातात गेले ते पाहावे. माल का नाकारला, आकारासाठी की साखरेच्या अंशासाठी, हे कंपनीच्या तपासणीत ठरते. त्या तपासणीवर दुसरे मत देणारी सरकारी प्रयोगशाळा खरेदीच्या काट्याशेजारी उभी नसते. करारातले कलम समजावून सांगणारा विस्तार अधिकारी नसतो. कृषिदूताच्या वहीत करारपत्राचे पान नसते.

वाणाच्या मालकीचा अर्थ काय होतो हे गुजरातेत दिसले. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिकोने साबरकांठ्यातील शेतकऱ्यांवर, आपले नोंदणीकृत वाण विनापरवाना लावले म्हणून, प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांच्या भरपाईचे दावे लावले. देशभर ओरड झाल्यावर मे महिन्यात ते मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. २००१ च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात निघालेले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. वाणाच्या छापील नावाने ते विकता येत नाही, एवढेच. पठारावरच्या शेतकऱ्याला याहून उपयुक्त 'शेतीविषयक माहिती' दुसरी कोणती असेल? बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक दरसाल होते. या कायद्याचे कोठे झाले?

बाजाराच्या बाबतीत तर संवादाचा अर्थच उलटा झाला आहे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या ऐन काळात, पुणे, नगर, नाशिक भागांतल्या टोमॅटोवर रोग आला. फळे रंगीबेरंगी होऊ लागली आणि लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हटले. एका वृत्तवाहिनीने हा विषाणू माणसालाही घातक असल्याची हाकाटी केली. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे शास्त्रज्ञांनी सांगेपर्यंत ग्राहकाच्या मनात भीती बसली होती आणि तिचा भुर्दंड रोगट व निरोगी दोन्ही बागांनी सोसला. रोगाचे निदान व्हावे म्हणून नमुने बंगळुरूच्या संस्थेकडे धाडावे लागले. चार कृषी विद्यापीठांच्या राज्याची ही अवस्था.

तीन वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, त्याच टोमॅटोने जुन्नरच्या एका शेतकऱ्याला कोट्यधीश केल्याची बातमी देशभर गाजली. तीच माध्यमे, तोच तालुका. सरकारने तातडीने स्वस्त टोमॅटोची विक्री मांडली, नेपाळहून आयात जाहीर केली, आणि सप्टेंबर सरता सरता महाराष्ट्राच्या बाजारांत भाव किलोला दोन-चार रुपयांपर्यंत कोसळला. त्या वेळी रस्त्यावर ओतलेल्या क्रेटांची बातमी दिल्लीच्या पडद्यावर फार टिकली नाही. कांद्याचेही तेच. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क, ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला. बंदीची अधिसूचना ७ डिसेंबरला निघाली आणि दुसऱ्या दिवशी ती लागू झाली. कांदा लावताना शेतकऱ्याने कोणता कृषी सल्ला ऐकला असता तर ही बंदी त्याला कळली असती? हवामानाचा अंदाज पाच दिवस आधी मिळतो. वाणिज्य मंत्रालयाच्या लहरीचा अंदाज मिळत नाही, आणि त्याबद्दल कोणतेही कृषी विद्यापीठ चकार शब्द काढत नाही.

अशा विद्यापीठीय मौनात भर म्हणून आता उघड भागीदारी आली आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०२३ च्या जूनमध्ये ॲमेझॉनशी, सप्टेंबरमध्ये बायरशी आणि २०२४ मध्ये सिंजेन्टाशी सामंजस्य करार केले. ॲमेझॉनच्या कराराला आधार होता तो पुणे जिल्ह्यातल्याच कृषी विज्ञान केंद्राबरोबर केलेल्या प्रायोगिक प्रकल्पाचा. सरकारनेच ते अभिमानाने सांगितले. कृषी विज्ञान केंद्रे १९७४ मध्ये पुदुच्चेरीपासून सुरू झाली ती सार्वजनिक पैशाने, शेतकऱ्याला निरपेक्ष सल्ला मिळावा म्हणून. आज त्यांची संख्या सातशेच्या वर आहे. तणनाशक विकणाऱ्या कंपनीचा भागीदार शेतकऱ्याला तणनाशकाबद्दल निरपेक्ष सल्ला कसा देणार? न्यायाधीशाने एका पक्षकाराशी भागीदारी केली तर त्याला खटल्यापासून दूर व्हावे लागते. शेतीच्या न्यायाधीशाला मात्र त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. त्यांनी मुखवटे घातले नव्हते, सूचना पाळल्या नव्हत्या, असे सांगणारे पुष्कळ निघाले. डब्यावरची अक्षरे मुंगीच्या पायाएवढी, दुकानदार हाच सल्लागार, आणि फवारणारा मजूर तर कोणत्याच शिबिराच्या पटावर नसतो. पठारावर बटाटा काढणाऱ्या बायकांना आजवर कोणत्या कृषी मेळाव्याचे निमंत्रण गेले आहे? तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, हिरडा वेचून पोट भरणारा आदिवासी आहे. तो विद्यापीठाच्या लेखी 'प्रगतिशील शेतकरी' नाही, म्हणून त्याच्याशी बोलण्याजोगे विद्यापीठाकडे काहीच नाही.

यावर आपल्यातच दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले म्हणते, हे सारे ज्ञानविज्ञान बड्या बागाईतदारांचेच आहे, त्याच्या नादी लागू नये. हा आळशी क्रांतिवाद आहे. करपा अल्पभूधारकाच्या रानातही येतो आणि तेथे तो जास्त मारतो. दुसरे उत्तर शरद जोशींच्या वारशातून आलेले आहे. त्यांचे आंदोलन याच पट्ट्यात, चाकणच्या कांद्यावर, सत्तरीच्या अखेरीस उभे राहिले आणि शेतमालाच्या भावाचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण भाव मिळाला की बाकीचे आपोआप सुटेल आणि तंत्रज्ञान बाजार पुरवील, हा त्यांचा विश्वास अनुभवाने फोल ठरवला आहे. बाजाराने तंत्रज्ञान पुरवले ते करारपत्रासह. समाजवाद्यांनीही भावासाठी मोर्चे काढले, ज्ञानाच्या मालकीसाठी एकही काढला नाही. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेत कोण बसते, संशोधनाचे विषय कोण ठरवते, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच आला.

महाराष्ट्र सरकार २०२५ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाची भाषा बोलू लागले आहे. 'महाविस्तार' नावाचे ॲप शेतकऱ्याच्या हातात दिले आहे. त्याआधी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आले, २०१५ मध्ये दूरदर्शनची किसान वाहिनी आली. यंत्रांना विरोध नसावा. प्रत्येक नव्या यंत्राला तोच जुना प्रश्न विचारावा: पेठेच्या शेतकऱ्याने या यंत्रात विचारलेले प्रश्न कोणाकडे साठतात, ते कोणाला दिले जातात, आणि विद्यापीठाच्या पुढच्या वर्षीच्या संशोधनाचे विषय त्या प्रश्नांवरून ठरतात काय?

तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढचे काम यातून उघड आहे. पुढच्या हंगामात कृषिदूत गावात आले की त्यांना चहा पाजावा आणि त्यांच्या वहीत गावाचे प्रश्न लिहून घ्यायला लावावेत: पंजाबच्या बियाण्याचा दर्जा कोण तपासतो, करारातली नकाराची अट काय, पठारासाठी पावसाळी बटाट्याचे केंद्र राजगुरुनगरला पुन्हा का उघडू नये. ग्रामसभेने तेच प्रश्न ठरावाने राहुरीला आणि पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेला पाठवावेत, कंपन्यांशी झालेल्या करारांच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागाव्यात, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र धाडावे. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू याच तालुक्यातले. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते १९३० मध्ये आडवे झाले. आज आडवे होण्याची गरज नाही, पोस्टकार्ड पुरेल. १९५६ मध्ये याच जिल्ह्यातली गावे पुण्याला पत्र लिहून उत्तर मागत होती, आणि उत्तर येत होते. बटाट्याची लावणी जूनमध्ये होते. पहिला ठराव मेच्या ग्रामसभेत व्हायला हवा.